विद्युत् मंडलांचे मूलभूत नियम

विद्युत् घट किंवा जनित्र, संवाहक तारा आणि विजेचा उपयोग करणारी साधने यांच्या जोडणीने प्रवाहासाठी जो बंद मार्ग तयार होतो, त्यास विद्युत् मंडल म्हणतात. मंडलाच्या प्रत्येक भागातून किती प्रवाह वाहील व त्या भागाच्या दोन टोकांमध्ये किती विद्युत् दाब राहील, हे ठरविण्यास मंडलाचे विश्लेषण म्हणतात. साध्या मंडलांचे सर्व विश्लेषण तीन नियमांवर आधारलेले आहे. पहिला नियम गेओर्क झिमोन ओहम (१६ मार्च १७८९–६ जुलै १८५४) यांचा असून दुसरे दोन गुस्टाफ रोबेर्ट किरखोफ (१२ मार्च १८२४–१७ ऑक्टोबर १८८७) यांचे आहेत.

ओहम नियमानुसार तापमान व इतर भौतिक परिस्थिती कायम असताना धातूच्या संवाहकातून वाहणारा प्रवाह हा त्याच्या टोकांमधील विद्युत् दाबाच्या सम प्रमाणात असतो. दाब ‘दा’, प्रवाह ‘प्र’ व रोध ‘रो’ या अक्षरांनी दर्शविल्यास दा = प्र × रो असे समीकरण मिळते. किरखोफ यांच्या पहिल्या (प्रवाहाच्या) नियमानुसार मंडलातील कोणत्याही संधिबिंदूपाशी येणाऱ्या प्रवाहांची बेरीज तेथून जाणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकी असते. त्यांच्या दुसऱ्या (दाबाच्या) नियमानुसार कोणत्याही बंद मार्गाने एक फेरी पूर्ण केली असता मार्गातील विद्युत् चालक प्रेरणांची बैजिक बेरीज ही त्या मार्गातील रोधांवरील दाबांच्या बैजिक बेरजेइतकी असते. पहिला नियम विद्युत् भाराच्या अक्षय्यतेतून व दुसरा ऊर्जेच्या अक्षय्यतेतून निघतो. आज हे नियम शालेय पाठ्यपुस्तकात काही ओळींत सांगता येतात; तथापि ते मिळविण्यास व मान्य होण्यास निम्मे शतक लागले.

पूर्वेतिहास : हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास क्षारांच्या विद्रावांतून विजेचे विसर्जन करून प्रवाह व दाब यांतील प्रमाण जवळजवळ बरोबर ओळखले होते. त्या वेळी प्रवाह मोजण्याचे साधन नसल्यामुळे त्यांनी स्वतःच्या शरीरास बसणाऱ्या धक्क्यांच्या तीव्रतेची तुलना केली. हे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यांची हस्तलिखिते संपादून १८७९ मध्ये प्रकाशित केली, तोपर्यंत नियम ओहम यांच्या नावाने रूढ झाला होता.

आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये जाहीर केलेल्या घटमालेमुळे सतत वाहणारा प्रवाह प्रथमच उपलब्ध झाला. हान्स क्रिस्तियन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते असे दाखविले व त्यामुळे प्रवाह मोजण्याचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी आंद्रे मारी अँपिअर यांनी विद्युत् ताण व विद्युत् प्रवाह या दोन वेगळ्या राशी आहेत, असे स्पष्ट केले. तरीही घटमालेत निर्माण होणारा ताण आणि तारेतून वाहणारा प्रवाह यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

ओहम नियमाचा शोध : एर्लांगेन येथील एका कुलूपकाराचे पुत्र असलेले ओहम १८१७ पासून कोलोन येथील विद्यालयात गणित व भौतिकी शिकवीत होते. त्यांनी १८२५ मध्ये व्होल्टा पद्धतीचा घट वापरून निरनिराळ्या लांबीच्या तारांवर प्रयोग केले आणि तारेच्या लांबीनुसार प्रवाहाचे चुंबकीय बल लॉगरिथमी सूत्रानुसार कमी होते, असे प्रसिद्ध केले. हे सूत्र चुकीचे होते. प्रयोग चालू असतानाच घटाची शक्ती बदलत असल्यामुळे मापनात दोष राहत असे. योहान क्रिस्तियन पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी घटाऐवजी तपयुग्म वापरले. टोमास झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधून काढलेल्या तापविद्युत् परिणामावर ते आधारलेले होते. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा वितळणाऱ्या बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने स्थिर असल्यामुळे चालक प्रेरणाही स्थिर राहिली. टांगलेल्या चुंबकसूचीचे विचलन तारेला पीळ देऊन शून्यावर आणावयाचे व लागलेल्या पिळावरून प्रवाह ठरवावयाचा, अशी मापनाची रीत होती.

सारख्याच जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा आळीपाळीने मंडलात जोडून मिळालेली मापने त्यांनी १८२६ मध्ये एका साध्या सूत्रात बसविली. या सूत्रात प्रवाह म्हणजे एका स्थिर राशीस दोन पदांच्या बेरजेने भागून येणारा भागाकार होय. भाज्य राशी तापमानांतील फरकावर, म्हणजे चालक प्रेरणेवर अवलंबून असते. भाजकातील एक पद जोडलेल्या तारेची लांबी असून दुसरे मंडलाच्या उरलेल्या भागाचा, म्हणजे उगमाचा अंतर्गत रोध दर्शविते. केवळ बाहेरच्या तारेचा विचार करून चालत नाही, उगमाचा स्वतःचा रोधही हिशोबात धरावा लागतो, ही गोष्ट ओहम यांच्या पूर्वीच्या संशोधकांच्या ध्यानात आलेली नव्हती. त्यांच्या यशाचे मर्म येथेच आहे.

बर्लिन येथे १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ओहम यांनी या सूत्रास गणितीय उपपत्तीची जोड दिली. झां बातीस्त झोझेफ फूऱ्ये यांच्या उष्णतासंवहनाच्या उपपत्तीशी असलेल्या साम्याचा त्यांनी आधार घेतला. या ग्रंथाचे स्वागत मात्र थंडपणे झाले. निसर्गाचे आकलन गणिती सूत्रांनी होणार नाही, असे मानणारा एक प्रभावी वर्ग तेव्हा जर्मन विद्यापीठांत होता. त्यांपैकी गेओर्क फ्रीड्रिख पोल यांनी ग्रंथावर कडक टीका केली. विद्यापीठीय पदाची ओहम यांची अपेक्षा पूर्ण झाली नाही. कोलोन येथील जागा सोडल्यानंतर १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत प्राध्यापकपद मिळेपर्यंत त्यांची काही वर्षे ओढगस्तीत गेली. तथापि नियमाची उपेक्षा सर्वत्र झाली असे म्हणता येत नाही. गुस्टाफ टेओडोर फेक्नर यांनी १८३१ मध्ये विस्तृत प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कॉप्ली पदक दिले आणि त्यानंतरच मायदेशात त्यांची प्रतिष्ठा वाढली. म्यूनिक येथे त्यांना पद मिळाले ते १८४९ मध्ये, म्हणजे निधनापूर्वी अवघी पाच वर्षे.

किरखोफ नियम : एकाच मार्गाच्या मंडलास ओहम नियम पुरेसा असतो. अनेक मार्ग एकमेकांस जोडलेले असल्यास मात्र प्रवाहाची विभागणी कशी होते, हे वेगळे ठरवावे लागते. केनिग्झबर्ग विद्यापीठात फ्रान्ट्स नॉइमान यांच्या मार्गदर्शनाखाली शिकत असताना किरखोफ यांनी १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपले दोन नियम एका निबंधात मांडले. पुढे १८४७ मध्ये त्यांनी कोणत्याही जाळ्यासाठी किती स्वतंत्र समीकरणे लागतात, हे सिद्ध केले. जाळ्यात चार संधिबिंदू व सहा शाखा असतील, तर पहिल्या नियमाने तीन व दुसऱ्या नियमाने तीन अशी सहा समीकरणे मिळतात आणि सहा अज्ञात प्रवाह निश्चित होतात. या निबंधातील कल्पनांमधून गणितातील आलेख सिद्धांतासही चालना मिळाली. ओहम यांनी वापरलेली ‘विद्युत्‌दर्शी बल’ ही कल्पना स्थिर विद्युत् शास्त्रातील वर्चसाहून वेगळी नाही, हे किरखोफ यांनी १८४९ मध्ये दाखविले. त्यामुळे ओहम यांच्या उपपत्तीतील एक उणीव दूर झाली.

या दोन नियमांवरून एकसरी व अनेकसरी जोडण्यांचे सूत्र सहज निघते. एकसरी जोडणीत सर्व रोधांतून एकच प्रवाह जातो, म्हणून रोधांची बेरीज होते. अनेकसरी जोडणीत सर्वांवर सारखाच दाब असतो, म्हणून रोधांच्या व्यस्तांची बेरीज होते. ३ ओहम व ६ ओहम हे रोध एकसरीत ९ ओहम, तर अनेकसरीत केवळ २ ओहम होतात.

तारायंत्र आणि भारत : या नियमांना प्रयोगशाळेबाहेर काढले ते तारायंत्राने. सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये वर्णिलेली रोधमापनाची रचना चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये लोकप्रिय केली व ती व्हीट्स्टन सेतू या नावाने प्रसिद्ध झाली. भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कोलकात्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कोलकाता–डायमंड हार्बर मार्गाचे काम सुरू झाले. कोलकाता, आग्रा, मुंबई व मद्रास यांना जोडणारे मार्ग फेब्रुवारी १८५५ पासून जनतेस खुले करण्यात आले. सुरुवातीच्या मार्गांवर तारेऐवजी सु. १ सेंमी. जाडीच्या लोखंडी सळया वापरीत.

भारतातील पावसाळा ही या मार्गांची खरी कसोटी होती. प्रत्येक खांबावरील निरोधकाचा रोध फार मोठा असला, तरी हजारो निरोधक हे तार व जमीन यांच्यामध्ये अनेकसरीत जोडलेले असतात. ३०० किमी. मार्गावर दर किमी. ला १६ याप्रमाणे ४,८०० खांब असून प्रत्येक निरोधकाचा रोध ४ कोटी ८० लक्ष ओहम आहे असे मानल्यास, सर्वांचा मिळून गळती रोध केवळ १०,००० ओहम होतो. पावसाने भिजून प्रत्येकाचा रोध दशांशावर आला, तर तो १,००० ओहमपर्यंत घसरतो व बराचसा प्रवाह दुसऱ्या टोकास पोहोचण्याआधीच जमिनीत जातो. निरोधक वरून धडधाकट दिसत असतानाही संदेश का पोहोचत नाही, याचे उत्तर नियमित मापनानेच मिळणे शक्य होते. भारतीय तार खात्यातील अभियंते लूइस श्वेंडलर (१८३८–८२) यांनी मार्गांच्या विद्युत् चाचणीची पद्धतशीर रीत बसवून दिली. एकाच तारेतून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश पाठविण्याच्या पद्धतीची उपपत्ती त्यांनी १८७४ मध्ये मांडली. तीही सेतूच्या समतोलावरच आधारलेली होती.

बिघाडाची जागा बसल्या ठिकाणी शोधणे हा या नियमांचा सर्वांत उपयुक्त परिणाम होय. ४० किमी. अंतरावरील दोन ठाण्यांमधील एक तार कोठेतरी जमिनीस टेकली आहे, असे समजू. ही तार व तशीच दुसरी निर्दोष तार दूरच्या टोकास जोडल्यास ८० किमी. चे वेटोळे तयार होते. जवळच्या ठाण्यात सेतूच्या दोन भुजांमध्ये अनुक्रमे १,००० व २५० ओहम घालून समतोल साधला, तर वेटोळ्याचे त्याच प्रमाणात, म्हणजे ६४ किमी. व १६ किमी. असे दोन भाग पडतात. म्हणून बिघाड १६ किमी. वर असतो. प्रत्येक खांब तपासत जाणाऱ्या कामगाराचे कित्येक दिवसांचे श्रम यामुळे वाचले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भूमिगत केबलींतील बिघाड शोधताना मात्र हीच रीत अजूनही वापरली जाते.

एकके : तारमार्गांच्या वाढीबरोबर रोधाच्या प्रमाणित एककाची गरज भासू लागली. पॅरिस येथील १८८१ च्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपिअर ही नावे मान्य झाली. १९०८ च्या लंडन परिषदेत ०° से. तापमानास १०६·३ सेंमी. उंचीच्या व ठराविक वस्तुमानाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक आंतरराष्ट्रीय ओहम, अशी व्याख्या ठरविण्यात आली. क्लाउस फोन क्लिट्सिंग यांनी १९८० मध्ये शोधून काढलेल्या पुंज हॉल परिणामामुळे रोधाचे प्रमाण निसर्गातील स्थिरांकांशी जोडता आले व १९९० पासून ते सर्वत्र वापरात आले. २० मे २०१९ पासून एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील विद्युत् एकके अशा स्थिरांकांवरच आधारलेली आहेत.

नियमांचा विस्तार : हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५३ मध्ये व लेआँ शार्ल तेव्हनँ यांनी १८८३ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखविले की, कितीही गुंतागुंतीच्या रेषीय जाळ्याऐवजी त्याच्या दोन टोकांपुरता एक चालक प्रेरणा व एक रोध यांचा विचार पुरेसा होतो. प्रत्यावर्ती प्रवाहात प्रवर्तन व धारणा यांमुळे दाब व प्रवाह यांत कलांतर पडते. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८६ मध्ये संरोधाची कल्पना मांडली. आर्थर केनेली व चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्स यांनी १८९३ मध्ये सदसत् संख्यांचा उपयोग करून ओहम व किरखोफ यांचे नियम प्रत्यावर्ती मंडलांना जसेच्या तसे लावून दाखविले. गणनयंत्राने मंडलांचे विश्लेषण करणाऱ्या आजच्या कार्यक्रमांचा पायाही किरखोफ यांची समीकरणे हाच आहे.

महाराष्ट्रातील उपयोग : प्रवाह वाहताना तारेत खर्च होणारी शक्ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते, हे जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये दाखविले. म्हणून तीच शक्ती अधिक दाबाने पाठविल्यास प्रवाह कमी लागतो व नाश झपाट्याने घटतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झालेली विजेची रेल्वे १,५०० व्होल्ट एकदिश दाबावर चालत असे. ३,००० किलोवॉट शक्तीसाठी या दाबास २,००० अँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे जाड तारा व जवळजवळ उपकेंद्रे ठेवावी लागत. २५,००० व्होल्ट दाबास तेवढ्याच शक्तीस सु. १२० अँपिअर पुरतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांचे या दाबावर रूपांतर २०१६ मध्ये हार्बर मार्गाबरोबर पूर्ण झाले.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा क्षेत्रात मोडतो. उकणी, घोन्सा इ. ठिकाणी तेथे उघड्या खाणी आहेत. याच खोऱ्यातील कोळशावर चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्र १९८३ पासून चालते. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे या ७५२ किमी. अंतरावर १९९९ पासून ±५०० किलोव्होल्ट एकदिश दाबाने १,५०० मेगॅवॉटपर्यंत शक्ती पाठविता येते. दोन ध्रुवांमधील दाब १,००० किलोव्होल्ट असल्यामुळे पूर्ण शक्तीस प्रत्येक ध्रुवाच्या तारेतून १,५०० अँपिअर प्रवाह जातो. अशा द्विध्रुवी मंडलात एका तारेने जाणारा प्रवाह दुसरीने परत येतो. दोन्ही प्रवाह समान असताना मधल्या भूयोजित बिंदूतून काहीच प्रवाह वाहत नाही. ते असमान झाल्यास नेमका फरकाएवढा प्रवाह परतीच्या मार्गात येतो. हा किरखोफ यांचा पहिला नियमच होय.

खाणीतील कामगाराचे प्राण याच नियमावर अवलंबून असतात. उघड्या खाणीत विजेवर चालणाऱ्या अवजड फावड्यास जमिनीवरून ओढल्या जाणाऱ्या लांब केबलीने वीज पुरवितात. केबल शाबूत असताना तिच्या तिन्ही तारांमधील प्रवाहांची क्षणिक बेरीज शून्य असते. निरोधन फाटून थोडा प्रवाह जमिनीत गळू लागला की, ही बेरीज शून्य राहत नाही. तारांभोवती बसविलेल्या कड्याच्या आकाराच्या रोहित्रास तो फरक जाणवतो व पुरवठा तोडला जातो. यंत्राच्या सांगाड्यावर येणारा दाब ओहम नियमाने ठरतो. भूयोजन तारेचा रोध २ ओहम असून तिच्यातून ५० अँपिअर गेल्यास सांगाड्यावर १०० व्होल्ट येतात, १० अँपिअर गेल्यास २० व्होल्ट. म्हणून खाणींतील पुरवठ्याचा उदासीन बिंदू रोधकामार्फत भूयोजित करून बिघाडाचा प्रवाह मर्यादित ठेवतात.

शेतीच्या पंपांना मिळणाऱ्या अपुऱ्या दाबाचे कारणही या नियमांत सापडते. रोहित्रापासून ८०० मी. अंतरावर पाच अश्वशक्तीचे दहा पंप असून प्रत्येकास ७ अँपिअर लागतात, असे मानू. तारेचा रोध दर किमी. ला १ ओहम धरल्यास एका तारेचा रोध ०·८ ओहम होतो. ७० अँपिअर प्रवाहास तीत ५६ व्होल्ट खर्ची पडतात आणि २४० व्होल्टांपैकी शेवटच्या विहिरीवर (प्रवर्तन व कलांतर विचारात न घेता) १८४ व्होल्ट उरतात. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी ठरविलेली मर्यादा ६ टक्के होती. येथे घट २३ टक्क्यांहून अधिक आहे. तीन तारांमध्ये मिळून सु. ११·८ किलोवॉट शक्ती केवळ उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पंपाचे चलित्र हे साधा रोध नसते. दाब कमी झाला असता तेच काम करण्यासाठी ते अधिक प्रवाह घेते, त्यामुळे घट आणखी वाढते व अखेर वेटोळी जळतात. दहा शेतकऱ्यांपैकी एकाने पंप बंद केला असता इतरांचा दाब सुधारतो, हा खेड्यातील नेहमीचा अनुभव याच हिशोबाने स्पष्ट होतो. हीच शक्ती ११,००० व्होल्ट दाबाने विहिरीपर्यंत नेल्यास प्रवाह सु. २·६ अँपिअर व नाश सु. सातशेपटींनी कमी होतो. महाराष्ट्रात २०१८ पासून राबविलेल्या उच्च दाब वितरण प्रणालीत एकदोन पंपांसाठी विहिरीजवळ स्वतंत्र लहान रोहित्र देतात, ते याच कारणाने.

मर्यादा : ओहम नियम हा सर्व पदार्थांना लागू पडणारा निसर्गनियम नसून अनेक संवाहकांच्या, विशेषतः धातूंच्या वर्तनाचे वर्णन आहे. अर्धसंवाहक द्विप्रस्थ, विसर्जन नलिका व विद्युत् ठिणगी यांना तो लागू पडत नाही. तापलेल्या दिव्याच्या तंतूचा रोध थंड तंतूच्या कित्येक पट असतो. किरखोफ यांचे नियम मात्र अरेषीय घटकांनाही लागू पडतात. मंडलाचा आकार विद्युत् तरंगांच्या लांबीच्या तुलनेने लहान असणे आणि बदलते चुंबकीय क्षेत्र घटकांच्या आतच सीमित असणे, या त्यांच्या अटी आहेत. अतिशय उच्च कंप्रतेच्या मंडलांत व फार लांब प्रेषण मार्गांवर या अटी पाळल्या जात नाहीत. तेथे मॅक्सवेल यांच्या समीकरणांचा आश्रय घ्यावा लागतो.